शेपटीतलं इंजिन

विमानाला दोन इंजिनं असतात असं लोक समजतात. तिसरंही असतं, शेपटीच्या टोकाला, लहानसं. त्याच्या जोरावर विमान उडत नाही. पण विमान जमिनीवर उभं असताना दिवे, गार हवा आणि मोठी इंजिनं सुरू करायला लागणारी दाबाची हवा, हे सगळं तेच पुरवतं. आम्ही त्याला एपीयू म्हणतो. घरातल्या बाईसारखं आहे त्याचं, चालू असेपर्यंत कोणी नाव घेत नाही.

ते बिघडून बंद असलं तरी विमान उडवायला परवानगी असते. बाहेरून विजेची गाडी जोडायची, बाहेरूनच हवेची गाडी लावून एक इंजिन सुरू करायचं, मग त्या इंजिनाची हवा घेऊन दुसरं. मी हे कितीदा तरी केलं आहे. फक्त हा नियम लिहिणारा माणूस नागपुरात नवतपात डांबरावर उभा राहिलेला नसावा. मे संपत येतो तेव्हा ते नऊ दिवस असे तापतात की आमच्या प्रताप नगरात दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.

त्याच दिवसांत बाबांना मुंबईला न्यायचं ठरलं. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, ऑपरेशन तिकडे होतं. डॉक्टर म्हणाले, विमानाने जायला हरकत नाही. झालं, बाबांनी हट्टच धरला, जाईन तर पोरीच्याच विमानाने. तोवर ते माझ्या विमानात एकदाही बसले नव्हते. विहारात मात्र भेटेल त्याला सांगत सुटायचे, ‘माही पोट्टी कॅप्टन आहे.’ जन्मभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी. मी त्यांच्याच शाळेत होते तेव्हा माझ्या वर्गाचे पेपर ते तपासायला घेत नसत, दुसऱ्या मास्तरांना द्यायचे. मास्तरची पोरगी म्हणून हिला मार्क मिळाले, असं कोणी म्हणायला नको. तेव्हा मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

त्या दुपारी मी मुंबईहून विमान घेऊन आले तेव्हाच त्याचं एपीयू बंद होतं. उतरल्याबरोबर मी खालच्या लोकांना बजावलं, हवेची गाडी लागून तयार झाल्याशिवाय एकही प्रवासी आत आणायचा नाही. टर्मिनलमध्ये एसी आहे, बसू दे तिथेच. विमानाला गार हवेची एक जाड नळी बाहेरून लावली होती, पण त्या उन्हापुढे ती कुठे पुरणार! मग मी इंजिनिअरबरोबर खाली हवेच्या गाडीपाशी गेले आणि दाब पुरेसा मिळेपर्यंत तिथेच अडकले.

तेवढ्या वेळात वर काय झालं, ते मला नंतर कळलं. लोकांनी माझा हुकूम तंतोतंत पाळला होता. अपवाद फक्त एक केला. मॅडमचे बाबा आहेत, व्हीलचेअर आहे, गर्दीत कशाला, आधीच नेऊन बसवू. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. क्रूच्या घरचं माणूस असलं की त्याला सगळ्यांच्या आधी आत न्यायचं, पहिल्या रांगेत बसवायचं, पाणी विचारायचं. त्यामुळे सगळे प्रवासी टर्मिनलच्या गारव्यात बसले होते, आणि माझा बाप आणि सोबत निघालेली आत्या, दोघंच त्या भट्टीत. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. असतं तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी वर आले तेव्हा लोक चढत होते. बाबा जागेवर दिसले, मला वाटलं आत्ताच आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, चेहरा घामाने डबडबलेला. पण घामाने तर सगळेच डबडबले होते.

‘बरं वाटते ना बाबा?’

‘एकदम. तू जा वं, आपलं काम कर.’

मी आत गेले आणि कॉकपिटचं दार लागलं.

तापलेली हवा पातळ असते, तिच्यात दम नसतो. बाहेरची गाडी घरघरत होती, इंजिन फिरायला लागलं, पण रेंगाळत. इंधन पेटलं आणि तापमानाचा आकडा चढत गेला तो थांबेचना. लाल रेषेपाशी पोचायच्या आधी कॉम्प्युटरने स्वतःच इंधन तोडलं. यात घाबरण्यासारखं काही नसतं. आत साचलेलं इंधन उडून जाऊ द्यायचं, स्टार्टर निवू द्यायचा, खाली सांगून दाब वाढवून घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचं. घाई केली तर इंजिन जळतं. मी घाई केली नाही.

मी प्रवाशांची माफी मागितली, मराठीतही मागितली. दारापलीकडून कोणीतरी ओरडलं, ‘मॅडम, धक्का माराले येऊ का?’ आणि हशा पिकला. मग मी केबिनमधल्या मुलीला फोनवर विचारलं, सगळे कसे आहेत?

‘वैतागलेत मॅम, पण ठीक आहेत.’

‘माझे बाबा?’

‘डोळे मिटून बसलेत. मी दोनदा विचारलं. झोप येतेय म्हणाले.’

बाबांना झोप येत नव्हती, छातीत कळ येत होती. आत्या बाबांची धाकटी बहीण, कुहीला असते, उन्हातान्हात शेतात राबत म्हातारी झालेली. माणूस उन्हाने कसा पडतो ते तिला चांगलं ठाऊक. ती केबिनमधल्या मुलीला हाक मारणार तोच बाबांनी तिचा हात दाबून धरला. ‘तिले सांगशील तं तुले माही शपथ आहे.’ आत्याने आयुष्यात कधी भावाची शपथ मोडली नव्हती. ती पदराने त्यांना वारा घालत बसली.

दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. विमान मागे ढकललं, त्या इंजिनाचा जोर वाढवून दुसरं सुरू केलं आणि केबिनमध्ये गार हवा सुटली. वरातीमागून घोडं, पण आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बंद दारातून मला त्या ऐकू आल्या आणि मला फार बरं वाटलं. आत्या सांगते, बाबांनीही वाजवल्या.

आम्ही अजून वर चढतच होतो, तेवढ्यात फोन आला. बाबा शुद्धीवर नव्हते. प्रवाशांत एक डॉक्टर होते, ते त्यांच्यापाशी बसले होते आणि लवकर खाली न्या म्हणत होते. जवळचं विमानतळ नागपूरच. मी विमान वळवलं. को-पायलट म्हणाला, ‘मॅम, मी बघतो, तुम्ही मागे जा.’ मी गेले नाही. मागे जाऊन मी काय करणार होते, रडणार? मला येतं ते हेच, विमान खाली आणणं. ते मी आणलं.

उतरून विमान उभं करायच्या जागेवर पोचलो तर समोर ॲम्ब्युलन्स तयार होती. एपीयू चालू असतं तर तिथल्या तिथे दोन्ही इंजिनं बंद करून दार उघडता आलं असतं. ते नसलं की विजेची गाडी जोडेपर्यंत एक इंजिन चालू ठेवतात, आणि ते फिरत असेपर्यंत दाराशी कोणी येऊ शकत नाही. मी वाट पाहिली नाही. तेही बंद करून टाकलं. दिवे गेले, हवा गेली, लोक ओरडले. ओरडू देत, म्हटलं.

बाबांना ॲम्ब्युलन्सने नेलं. मी मागे राहिले, कारण विमानभर माणसं अजून माझ्या हवाली होती आणि कॅप्टनला त्यांना सोडून जाता येत नाही.

धरमपेठेतल्या दवाखान्यात संध्याकाळी बाबा शुद्धीवर आले. आजारी माणसावर ओरडू नये म्हणतात. मी ओरडले.

‘काहून सांगितलं नाही? मी दाराच्या पलीकडेच होती ना बाबा!’

‘सांगितलं असतं तं तू विमान थांबवलं असतं.’

‘थांबवलंच असतं!’

‘हाव. मंग लोकं काय म्हणले असते? बाईच्या हाती विमान देलं, तं बापासाठी थांबवून बसली. आपल्यासारख्याले एक डाव नाव ठेवलं का पुसल्या जात नाही वं. माह्यामुळे तुले बोल काहून लागावा?’

त्यांना धाप लागली. नर्सने मला बाहेर काढलं आणि दम भरला, पेशंटशी भांडायचं नाही. बरोबरच होतं तिचं. आत्या बाहेर बाकावर बसली होती. शपथेचं तिने मला तिथे सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मले मार वं पोरी, पण काही बोल.’ मी तिच्या शेजारी बसले. तिच्यावर मला रागावता आलं नाही.

सकाळी मी पुन्हा निघाले ते उत्तर तयार करून. प्रताप नगर ते धरमपेठ, सगळ्या रस्त्याने मी ते मनात जुळवत होते. दवाखान्याच्या जिन्यातच आत्या खाली बसलेली दिसली, तोंडावर पदर घेऊन. मी वर गेले नाही, तिच्यापाशीच थांबले. वर घाईने जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला त्यांना एवढंच सांगायचं होतं. तुम्ही माझे बाप होता म्हणून मी विमान थांबवलं नसतं, बाबा. छातीत कळ येणाऱ्या माणसाला घेऊन कोणीच उडत नाही. त्या विमानातल्या कोणत्याही अनोळखी माणसासाठी मी थांबले असते, आणि त्याने मला सांगितलंही असतं.