वरच्या गोलातला नवरा

बासष्टाव्या वर्षी मी दुसरं लग्न केलं, ते नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी कसंबसं पचवलं. पण लग्न करून नवरा अमेरिकेत आणि मी इथंच, हे मात्र त्यांना पचेना. "मग केलंस कशाला गं?" असं तोंडावर विचारायच्या. आता काय सांगू? आमचे हे तीस वर्षं तिकडे, तिकडचेच नागरिक. त्यांची बायको गेली, माझे पहिले मालक गेले. रजिस्टर लग्न केलं, हे तीन आठवडे राहिले आणि परत गेले. मग सुरू झाले कागद.

कागद म्हणजे किती! जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पहिल्या मालकांच्या मृत्यूचा दाखला, पोलिसांचा दाखला. डॉक्टरी तपासणीत तर मला बालवाडीतल्या पोरीसारख्या लसी टोचल्या. दंड सुजला. यात दीड वर्ष गेलं. रोज फोनवर मी विचारायची, "आज काय जेवलात?"

"ब्रेड."

"आणि काल?"

"ब्रेडच. पण भाजलेला."

माझा जीव तुटायचा बघा. हा माणूस ब्रेड खाऊन वाळत चालला होता. व्हिसाच्या मुलाखतीत साहेब लोकांना जरा शंका आली असती, तर अजून किती महिने लटकलो असतो, देव जाणे.

फॉर्म भरून देणाऱ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुमचं लग्न खरं आहे हे दिसलं पाहिजे. फोटो फारच कमी आहेत." फोटो होते पाच. पाचांतही आम्ही दोघं असे उभे, की मधून रिक्षा गेली असती. या वयात गळ्यात हात टाकून कोण फोटो काढतं? बाई म्हणाल्या, "निदान लोकांना हे लग्न माहीत आहे, असं काहीतरी दाखवा."

हे सगळं मी माझ्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, इथं चुकलं. तो शिरवण्यात राहतो, आमचं माहेरच ते. म्हणाला, "ताय, लोकांना म्हायती पायजे ना? एवराच ना? मी हाय ना, टेन्शन नको घेऊ!"

दोन दिवसांनी सकाळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, डोळ्याला पदर लावून. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "दुसराही गेला गं?"

"कोण गेला?"

"अगं, नाक्यावर बॅनर लागलाय. तुझ्या वडिलांच्या शेजारीच फोटो आहे त्यांचा!"

मी चपला उलटसुलट घालून नाक्यावर पळाले. वीस फुटी बॅनर. मधोमध मी, भाच्याच्या हळदीतली जरीची साडी नेसलेली. माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, भाऊ. गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले. खाली चाळीस मुंडकी, सगळे शुभेच्छुक. मजकूर, "अमेरिकेला निघालेल्या आमच्या लाडक्या ताईस हार्दिक शुभेच्छा!" व्हिसाचा पत्ता नाही आणि मी निघाले पण! आणि सगळ्यात वर तीन गोल. पहिल्यात गावदेवी, दुसऱ्यात आमचे कैलासवासी बाबा, तिसऱ्यात आमचे हे. डोक्यामागे सोनेरी तेज.

भावाला फोन लावला. "अरे मेल्या, माझ्या नवऱ्याला वर कशाला टाकलास?"

"मान दिला, ताय! वरती मोठी मानसं असतात."

"मोठी नाही रे, गेलेली असतात!"

"मंग गावदेवी गेली हाय का?"

मी फोनच ठेवून दिला. माझ्या सुनेनं हसत हसत बॅनरचा फोटो यांना पाठवला. मला वाटलं, चिडतील. हे म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण माझ्या मागे ट्यूबलाइट कोणी लावली?"

मुलाखतीच्या दिवशी सून वकिलातीच्या बाहेर थांबली, माझा फोन सांभाळत. मी फाइल घेऊन आत. काचेपलीकडे एक तरुण गोरी बाई आणि बाजूला मराठी करून सांगणारे एक गृहस्थ. लग्न कधी झालं, ओळख कशी झाली, सगळं नीट सांगितलं. मग बाई फोटो चाळायला लागली आणि थांबली. सुनेनं तो बॅनर पण घातला होता फाइलीत! मला सांगायचं तरी.

"शेजारचे हे तुमचे पती?"

"नाही, भाऊ."

बाईच्या भुवया वर गेल्या. "मग पती कुठे आहेत?"

"वर," मी म्हटलं आणि बोटही वर केलं.

गृहस्थांनी ते सांगितलं. बाईचा चेहरा गंभीर झाला. तिनं मृत्यूचा दाखला पुन्हा काढून बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "म्हणजे हे पतीसुद्धा वारले?"

मग मात्र माझा बांध फुटला. "नाही हो बाई! ही गावदेवी, हे माझे वडील, ते गेले. हा माझा नवरा, हा जिवंत आहे! माझा भाऊ मूर्ख आहे, त्यानं मान द्यायला म्हणून वर टाकला! खालचे चाळीस भावाचे मित्र, त्यातले तीस मला ओळखत पण नाहीत. माणूस धडधाकट आहे, तिकडे ब्रेड खातोय दीड वर्ष, तुम्ही फोन करून विचारा!"

गृहस्थ भाषांतर करत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. गावदेवीपाशी त्यांना थांबून पाणी प्यावं लागलं. बाईनं विचारलं, "पतीनं हे पाहिलं? काय म्हणाले?"

मी ट्यूबलाइटचं सांगितलं. बाई अशी हसली, की बाजूच्या खिडकीतला साहेब वाकून बघायला लागला.

तिनं माझे कागद परत सरकवले, पासपोर्ट मात्र ठेवून घेतला. मी घाबरले. गृहस्थ म्हणाले, "मावशी, ठेवला म्हणजे चांगलं. व्हिसा मंजूर झाला तुमचा."

बाहेर येऊन सुनेच्या हातातून फोन ओढलाच. यांनी पहिल्या रिंगलाच उचलला.

"झालं हो," मी म्हटलं.

 

"इथे थंडी फार असते," हे म्हणाले.

"माहीत आहे. शाल घेतलीय."

"दिवसभर बोलायलाही कोणी नसतं."

"आता मी येतेय ना!"

"म्हणूनच सांगतोय, घसा सांभाळून आण."

मी तिथंच फुटपाथवर बसकण मारली आणि त्यांना सकाळपासूनचं सगळं सांगायला घेतलं.