आकडा आज नको

पौडला मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेणाऱ्या त्या बाई आम्हा पालकांशी जपून, पुस्तकी बोलायच्या आणि मुलांशी थेट गावाकडचं. "हितं बस. घाई न्हाई आपल्याला," म्हणत घड्याळ ओढणीखाली झाकायच्या. कुणी बुद्ध्यांकाचा आकडा विचारला की नाक चोळायच्या.

माझी लेक दुसरीत मागं पडली होती. शाळेनं तिला मंद ठरवलं होतं. चाचणी संपताच मीही आकडाच विचारला.

बाईंनी नाक चोळलं. "ठोकळे रचण्यात ती वयाच्या पुढं आहे. ऐकून उत्तर द्यायचं असलं की अडते." मग त्या उठून लेकीच्या पाठीमागं गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "चिक्की खाती का गं?"

लेक ठोकळेच रचत राहिली.

"आकडा मी आज लिहीत नाही," बाई मला म्हणाल्या. "आधी तिचे कान तपासून घ्या."

कानांच्या पडद्यामागं पाणी साचलं होतं. उपचारानं ते गेलं. त्यानंतर एकदा नांदे गावातल्या आमच्या घरी आम्ही जेवत होतो. मी तिला नेहमीच्याच आवाजात भाजी वाढू का विचारलं, तर ती दचकली.

"आई, एवढ्या मोठ्यानं का ओरडतेस?"