केळीचा चीक आणि ह्यांचं हृदय

डॉक्टरांनी ‘सेप्टिक शॉक’ हे शब्द उच्चारले, तेव्हा माझ्या हातात रॉकेलची चिंधी होती. ती कशाला, ते आधी सांगते. केळी कापणाऱ्या कुठल्याही घरात हे घडू शकतं.

आमचं गाव पाचोऱ्याजवळ. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घड कापताना ह्यांच्या उजव्या तळहाताला विळा लागला. आमच्याकडे अशा जखमेवर केळीचा चीक दाबतात, रक्त थांबतं. ह्यांनीही दाबला. वरून चीक वाळला आणि आत जखम पिकत राहिली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, धाप लागली, नवरा असंबद्ध बडबडायला लागला.

जळगावच्या दवाखान्यात बीपी लागेना. टूडी इको केला, म्हणजे हृदयाचं चालणं पडद्यावर पाहिलं. ते निम्म्याच ताकदीनं चालत होतं. मग सगळे हार्ट अटॅक शोधत बसले. हात कोपरापर्यंत काळे होते, पण केळीवाल्याचे हात चिकाच्या डागांनी काळेच असायचे, असं सगळ्यांनी धरलं.

मी नाही धरलं. चिकाचे डाग रॉकेलनं निघतात, आणि अठरा वर्षं ते हात मीच पुसत आले होते. आवारात स्टोव्हवर स्वयंपाक करणाऱ्या एका बाईकडून रॉकेल मागून आणलं. नर्सबाई ओरडल्या. मी जखम सोडून दोन्ही हात पुसले. डावा उजळला. उजवा मनगटाच्या वर जांभळा-काळा तो तसाच.

“डॉक्टरसाहेब, हाऊ चीक नही शे,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी तळवा दाबला. पू आला. “सेप्टिक शॉक,” ते म्हणाले.

सेप्टिक शॉक म्हणजे जंतूंचं विष रक्तात भिनून बीपी कोसळणं. “पण मग हृदय का थकलं?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “जंतूंशी लढताना शरीर सायटोकाइन्स नावाची रसायनं सोडतं. ती फार झाली की हृदयाच्या स्नायूचा जोर कमी होतो. रक्तवाहिन्या बंद झालेल्या नाहीत. हे तग धरून राहिले, तर हृदय सावरू शकतं.”

मला कळलं ते असं: गावात चोर शिरला, सगळे काठ्या घेऊन धावले आणि त्या गोंधळात आपल्याच पाटलाला बडवून बसले.

त्याच दुपारी हाताला चीर देऊन पू काढला. अँटिबायोटिक्स आणि बीपी टिकवायला डोपामिनची सलाईन सुरू झाली. तरी दोन दिवसांनी हृदय आणखीच मंदावलं. धाकट्या दिरांनी धीर सोडला. “वहिनी, आते भाऊले घर ली जाऊत.”

“काही नही जावानं. आठेच ऱ्हावानं.” इथंच राहायचं, असं पुरुष माणसांसमोर मी पहिल्यांदाच इतक्या जोरात बोलले. सातवी शिकलेली बाई, पण डॉक्टरांचं बोलणं तिथे मला एकटीलाच समजलं होतं. त्याचा मला आजही अभिमान आहे.

तुमच्या माणसाचं असं झालं, तर ‘हृदय गेलं’ ऐकून लगेच उठू नका. का गेलं, ते विचारा.

दहाव्या दिवशी पुन्हा इको झाला. डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. “बघा ताई, पूर्ण जोरात चाललंय.” ते उघडत होतं, मिटत होतं. अठरा वर्षं संसार केला, पण ह्यांचं काळीज मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सगळ्यांसमोर रडले, आणि मनात म्हटलं, हे मी राखलं.