चौकशीत उंदीर दोषी ठरले

आमची कंपनी बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर ट्रेनिंगला आली तेव्हा मी सिग्नल्सचा हवालदार होतो. दुसरं महायुद्ध चालू होतं. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे कलेक्टर कचेरीला हुकूम नागपुराहून यायचे आणि आम्हाला त्याहूनही लांबून. माझं गाव देऊळगाव राजा. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी घरापासून एका दिवसाच्या वाटेवर होतो. तरी महिनाभर घरी गेलो नाही, कारण माझ्या ताब्यात ट्रेलर होता.

हा ट्रेलर म्हणजे दोन चाकांची लाकडी खोली. वर पत्रा, मागे दार, पुढे लॉरीला जोडायचा लोखंडी दांडा. आत वायरलेस सेट, बॅटऱ्या, टेलिफोन, एक बाक. जवान त्याला डबा म्हणायचे. फायरिंगच्या दिवशी पुढच्या टेहळणी पार्टीचा निरोप वायरलेसवर या डब्यात यायचा आणि डब्यातून टेलिफोनने मागे मॉर्टरच्या लाईनला जायचा. मधे दुसरा रस्ता नव्हता. डबा मुका झाला की पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढचा.

आम्ही आलो तेव्हा ज्वारीची सोंगणी सुरू होती. पीक उभं असतं तोवर उंदीर शेतात राहतात. सोंगणी झाली की रान उघडं पडतं आणि ते आडोसा शोधत निघतात. आमचा कॅम्प नेमका शेतांच्या कडेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाकाखाली लेंड्या दिसल्या. सेटच्या तारांवर रबर आणि त्यावर सुती वेष्टण असतं. उंदराला घरट्यासाठी त्याहून चांगला कापूस कुठे मिळणार?

मी कामाला लागलो. भर दुपारी आत बसून दार लावून घेतलं. जिथून उजेड आला तिथे खडूने खूण केली. एकोणीस खुणा झाल्या. करंगळी जाईल एवढ्या भोकातून उंदीर जातो. रॉकेलचे रिकामे डबे कापून त्यांचा पत्रा आतून ठोकला. केबल जिथून बाहेर पडते तिथे पत्रा बसत नव्हता, म्हणून लोखंडी तारेचा गुंता कोंबला. लहान भोकांत माझ्या आईची रीत वापरली, काचेचा चुरा मातीत कालवून लिंपला. ट्रेलरच्या टेकूंना आणि पुढच्या दांड्याला पत्र्याच्या नरसाळ्यासारख्या उलट्या चाड्या बसवल्या, चाकांभोवती पत्र्याचं कडं केलं. चहूबाजूंनी दहा पावलं गवत कापलं. खाली चुलीची राख पसरली, म्हणजे रात्री कोण आलं ते सकाळी पावलांवरून कळावं. आणि एक नियम केला. डब्यात भाकरीचा तुकडासुद्धा येणार नाही.

नाईक तुळशीराम हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होता. हा सुलतानपूरचा. टेहळणी पार्टीचा म्होरक्या, आणि कंपनीत माझ्याशी वऱ्हाडीत बोलणारा एकटाच.

"काऊन बे, जपान्याले सोडून उंदरावर मोर्चा लावला का?"

"तूच त्या सेटवर बोलतं ना? मंग तुयासाठीच करून राह्यलो."

"मले सांगून ठेव. मेडल भेटलं तं अर्धं माहं."

त्याचा जोडीदार सिपाही रहमान, मोताळ्याचा, कमी बोलायचा. त्याने न सांगता उरलेला पत्रा कापून दिला. दोन आठवडे राखेवर एकही पाऊल उमटलं नाही.

मग मला चार दिवसांसाठी मलकापूरला पाठवलं, रेल्वेने आलेल्या बॅटऱ्या आणायला. त्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. परत आलो तर डब्याचं दार उघडं. आत खेचरांच्या चण्याची पाच पोती, सेटच्या मागच्या फळीला टेकवून रचलेली. दोन पोती फाटलेली. राख वाहून गेली होती. पोत्यांमागे खुडबुड चालू होती.

मी तडक रसद सांभाळणाऱ्या जमादार क्वार्टरमास्टरकडे गेलो. त्याच्या तंबूत पाणी शिरलं होतं हे खरं. पण ऑफिसर मेसचा तंबू कोरडा होता. तिथे पोती ठेवायची त्याची हिंमत नव्हती.

"चना भीगेगा तो खच्चर क्या खाएंगे?" तो म्हणाला. "तेरा वायरलेस?"

"साहेब, सेट की तार चूहे खाएंगे."

"तो तू है ना, चूहों का हवालदार."

तंबूतले लोक हसले. मी आमच्या कंपनीच्या कॅप्टनसाहेबांकडे गेलो. ते दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच विचारलं, "सेट चलता है?"

"आज चलता है, सर."

"दो दिन. फिर निकाल लेना."

दोन दिवसांचे सहा झाले. रोज सकाळी मी पोती हलवायची परवानगी मागितली, रोज मला नाही म्हटलं. हुकूम मोडून पोती बाहेर फेकली असती तर कोर्ट मार्शल झालं असतं. आज वाटतं, झालं असतं तर बरं झालं असतं.

फायरिंगच्या दिवशी ब्रिगेडियरसाहेब बघायला येणार होते. त्यांच्या नजरेला पोती पडू नयेत म्हणून पहाटे साडेपाचला क्वार्टरमास्टरची माणसं आली आणि पाच मिनिटांत पोती घेऊन गेली. सेटच्या मागच्या फळीपाशी मी कंदील धरला. खाली लेंड्या, चण्याची टरफलं आणि एक घरटं होतं. घरटं काळ्या सुताचं होतं. त्यात रबराचे तुकडे होते.

५:४० ला मी कॅप्टनसाहेबांपुढे उभा राहिलो. घरटं हातात होतं.

"सर, तार कटी है. फळी खोल के देखना पडेगा. दो घंटे चाहिए."

"सेट चलता है?"

"अभी चलता है. लेकिन ट्रेलर हिलेगा तो..."

"चलता है तो चलो."

६:३० ला सेट तपासला. आवाज साफ होता. ७:०० ला लॉरीने ट्रेलर ओढला. बैलगाडीच्या चाकोरीतून तीन मैल. प्रत्येक खड्ड्यात मी दात आवळत होतो. ७:५० ला आम्ही ठरल्या जागी पोचलो. मॉर्टरची लाईन आमच्या मागे अर्ध्या मैलावर होती, टेहळणीची टेकडी पुढे दीड मैलावर. टेकडीपलीकडची दरी हे टार्गेट.

८:१० ला तुळशीरामचा आवाज आला. "हॅलो कंट्रोल. फॉरवर्ड पार्टी पहाडी पर. नीचे नाले में दो औरतें हैं, घास काट रही हैं. निकालने जा रहे हैं. ओव्हर."

"समझा. निकालो. बाद में मैदान साफ की रिपोर्ट दो. ओव्हर."

"मैदान साफ" हा ठरलेला शब्द होता. तो आल्याशिवाय गोळा सुटायचा नाही. हे स्टँडिंग ऑर्डरमध्ये छापलेलं होतं. मी दरीतल्या बायांची खबर टेलिफोनने मागे दिली. ती मिळाल्याचं कॅप्टनसाहेबांनी स्वतः सांगितलं.

८:३५ ला सेटमधून जळका वास आला आणि आवाज बंद पडला. ८:३७ ला मी टेलिफोन फिरवला.

"सर, सेट बंद. मैदान साफ नहीं आया. मेरे बोलने तक फायर मत कीजिए."

"कितना टाईम?"

"पच्चीस मिनट."

"नौ बजे फायर है. ब्रिगेडियरसाहब यहाँ खडे हैं."

"सर, पार्टी नीचे है. औरतें भी..."

"उनको टाईम मालूम है. नौ मतलब नौ. सेट ठीक करो, हवालदार."

त्यांनी फोन ठेवला. मी लॉरीच्या ड्रायव्हरच्या हातात लाल झेंडा दिला आणि त्याला पार्टीला इशारा द्यायला टेकडीकडे पळवलं. वाट नव्हती, लॉरी जाणार नव्हती. दीड मैल चढ वीस मिनिटांत कोण पळेल? तरी तो पळाला.

मी फळी उखडली. वीतभर तार उघडी पडली होती आणि दोन्ही पदर एकमेकांना चिकटले होते. जळालेला तुकडा कापला. चांगली टोकं सोलून पीळ दिला. चिकटपट्टीचा डबा कॅम्पात राहिला होता, म्हणून रुमाल फाडून त्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. हात कापत नव्हते. हे सांगतो, कारण पुढे चौकशीत मला घाबरट म्हटलं गेलं.

८:५९ ला सेटमध्ये खरखर झाली. त्यामागून तुळशीराम. किती वेळ बोलत होता कोण जाणे, घसा बसला होता.

"हॅलो कंट्रोल, हॅलो कंट्रोल. औरतें निकल गईं. हम अभी नाले में. फायर रोको. फायर रोको."

मी एका हाताने टेलिफोन फिरवला. "फायर बंद! पार्टी नीचे है! फायर बंद!"

तोवर नऊ वाजले होते. पलीकडे मॉर्टर लाईनचा सिपाही होता. तो म्हणाला, "तीन निकल गए, हवालदारजी."

मी ते निघताना ऐकले होते, फक्त मान्य केलं नव्हतं. सेटवर तोंड लावून ओरडलो, "आडवे व्हा! तुळशीराम, आडवे पडा!"

तुळशीराम हिंदुस्थानी विसरला. "अबे बंद कर बे! आमी अजून खालीच आहो!"

मग सेट नुसता सूं करत राहिला. सात-आठ सेकंदांनी दाराबाहेरून तीन धमाके आले, एकामागून एक. आवाजाला दीड मैल यायला तेवढा वेळ लागतो. त्यांच्यासाठी तोवर सगळं संपलं होतं.

दोघंही नाल्याच्या वळणावर सापडले. सेट रहमानच्या पाठीवर होता, म्हणजे तुळशीराम त्याच्या पाठीला लागून उभा राहून बोलत होता. गवत कापणाऱ्या दोन्ही बाया टेकडीमागे सुखरूप होत्या. त्यांचं एक माणूस दुसऱ्या दिवशी कॅम्पाच्या फाटकाशी येऊन नुसतं हात जोडून उभं राहिलं. सेंट्रीने त्याला हाकललं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी चार दिवस बसली. मी घरटं पुढे ठेवलं. पोती, परवानग्या, ८:३७ चा टेलिफोन, सगळं वेळेसकट सांगितलं. क्वार्टरमास्टर म्हणाला, पोती ठेवली ती हवालदाराला सांगून. हे खोटं होतं. कॅप्टनसाहेब म्हणाले, टेलिफोनवर नीट ऐकू आलं नाही. हेही खोटं होतं. निकालात लिहिलं, उंदरांनी तार कुरतडल्यामुळे संपर्क तुटला आणि अपघात झाला. उंदरांच्या बंदोबस्तात सिग्नल्सच्या हवालदाराने हयगय केली. माझी एक फीत उतरवली. कॅप्टनसाहेब दोन महिन्यांनी मेजर होऊन गेले. क्वार्टरमास्टर चणे मोजत तिथेच राहिला.

लोक मला म्हणतात, आता एवढी वर्षं झाली, सोडून द्या. मी सोडत नाही. उंदराला स्टँडिंग ऑर्डर वाचता येत नाही. ज्यांना वाचता येत होती त्यांनी ती खिशात घालून घड्याळाकडे बघितलं.

पुढच्या रजेत मी आधी मोताळ्याला गेलो. रहमानचा थोरला भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याने दारातच उभं राहून सगळं ऐकलं. मला बस म्हटलं नाही. एकच विचारलं, "सेट उसकी पीठ पर था?" मी हो म्हटलं. त्याने दार लावून घेतलं. भावाचं काही चुकलं नाही.

मग सुलतानपूर. तुळशीरामचे वडील खळ्यावर तूर झोडत होते. त्यांच्याकडे सरकारी कागद आला होता, मास्तरांनी वाचून दाखवलेला.

"उंदरानं मारलं म्हणते माह्या पोराले," ते म्हणाले. "खरं का?"

"नाही, बाबा."

मी खळ्यावर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. पोती आली तेव्हापासून तीन धमाक्यांपर्यंत. पोती बाहेर फेकायचं माझं राहिलं, तेही सांगितलं. ते हातातली झोडपायची काठी खाली न ठेवता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "त्या बाया वाचल्या?"

"हो, बाबा. दोघी वाचल्या."

"मंग त्याचं काम त्यानं केलं." त्यांनी माझ्या बाहीकडे, फीत उसवल्याच्या खुणेकडे बघितलं. "तुमचं राह्यलं."

त्यांनी घरात जाऊन तो सरकारी कागद आणला आणि माझ्या हातात दिला.

"तुले लिहता येते. हे खोडून खरं लिह्य. गावाले वाचून दाखव."

मी कागद उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, तिथे खळ्यावर बसूनच, पेन्सिलीने लिहिलं आणि संध्याकाळी चावडीपुढे उभा राहून मोठ्याने वाचलं. सुरुवात अशी होती: नाईक तुळशीराम, वय चोवीस, राहणार सुलतानपूर. सिपाही रहमान, वय बावीस, राहणार मोताळा. दोघंही हुकुमाप्रमाणे दरीत उतरले, दोन माणसांचा जीव वाचवला आणि आपल्याच गोळ्यांनी ठार झाले.