डावा टाका

बाजारात तिला सगळे दाभणबाई म्हणत. तोंडावर ‘बाई’ लावून, पाठीमागे नुसतं दाभण. ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छपरं, होड्यांची शिडं असलं जाडंभरडं काम ती दाभणाने शिवायची, म्हणून हे नाव पडलं, असं ती नव्या गिऱ्हाइकाला सांगे. जुनी गिऱ्हाइकं यावर काही बोलत नसत. त्यांना तिची जीभ कधी ना कधी लागलेली होती.

दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक लांबोळकी खोली. कापड जमिनीवर पसरायचं, म्हणून फरशी ताटासारखी लख्ख आणि गिऱ्हाइकाच्या चपला बाहेर. खिडकीत मेणाचा गोळा, दोऱ्याला फिरवायला. तिच्या उजव्या तळव्याला चामड्याचा पट्टा, दाभण रेटायला. तो ती जेवतानाच तेवढा काढी. मागे पडदा आणि पडद्यामागे संसार. एक खाट, एक स्टोव्ह, दोन कप. त्यातला एक कप वर्षातले दहा महिने पालथाच.

कारण नवरा बेटावर. जहाजांना वाट दाखवणारा दिवा होता तिथे, आणि तो सांभाळायला तीन माणसं. हा त्यातला एक. चार महिन्यांनी पंधरा-वीस दिवसांची रजा. अकरा वर्षं असंच चाललेलं. पण महिन्याच्या महिन्याला लाँचवरून, मग बसने त्याची पिशवी यायची. तिच्यात धुतलेले, फाटलेले कपडे. जिथे फाटलं असेल तिथे तो खूण म्हणून लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवी आणि वर दोन ओळींची चिठ्ठी. ही रात्रीतून सगळं शिवून सकाळच्या बसला पिशवी परत लावी. बेटावर काय कुणी शिवणारा मिळाला नसता? पण दोघांनी तो विषय कधी काढला नाही. बाकीची जोडपी बोलतात, भांडतात, एका ताटात जेवतात. यांची पिशवी येत-जात होती.

चार वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला, पाय मोडला आणि तीन महिने घरी बसला. म्हणजे खाटेवर बसून पडद्याच्या फटीतून दुकान बघायचा. एकदा दुकानात पाच-सहा माणसं होती. कुणीतरी विचारलं, मालक कसे आहेत. तेव्हा ही दोरा दातांनी तोडत म्हणाली होती, “माझ्याकडे दोन तऱ्हेचं फाटकं येतं. एक गिऱ्हाइकाचं, एक घरचं. गिऱ्हाइकाचं निदान शिवलं की परत तरी जातं.” माणसं पोट धरून हसली. पडद्यामागून त्याचंही हसू ऐकू आलं होतं. पुढे बाजारात हे वाक्य म्हणीसारखं झालं. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई घरी बसला की लोक म्हणत, घरचं फाटकं.

यंदा तो दोनदा रजेला आला नाही. बदली माणूस मिळत नाही, असा तोंडी निरोप. चिठ्ठ्याही बंद. बरं, पिशवी येतेय ना, म्हणून ती गप्प होती. आणि मग एका सोमवारी पिशवीत निळा सदरा आला, खांद्याशी उसवलेला आणि शिवलेला.

तिने तो उजेडात धरला. टाका लांब, दोरा जास्त ओढलेला, नवशिक्याचं काम. पण तिची नजर अडली ती वेगळ्या ठिकाणी. उजव्या हाताचा टाका एका अंगाला कलतो, हा दुसऱ्या अंगाला कलला होता. शिवणारी डावखुरी होती. तिने ‘शिवणारी’ असंच धरलं. अकरा वर्षांत या माणसाने सुईला हात लावला नव्हता, आणि एक खांदा शिवायला माणूस कुणाकडे जाईल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शेजारची भांडीवाली म्हणाली, अगं, दिव्यावरच्या दुसऱ्या कुणी शिवला असेल. त्यावर दाभणबाई म्हणाली, पुरुष दुसऱ्या पुरुषाचा सदरा फाडतो, शिवत नाही.

मंगळवारी दुकानाला कुलूप. ट्रंकेत त्याच्यासाठी शिवलेला नवा कोट, दोन विजारी, लोकरीचे मोजे. का भरलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. भांडायला निघालेली बाई कोट घेऊन जात नाही. हातातल्या पिशवीत तो निळा सदरा, चामड्याचा पट्टा आणि दाभण.

घाटाच्या पायथ्याशी बस बंद पडली. तीन तास ऊन खाल्ल्यावर दुसरी आली, रेटारेटी झाली आणि टपावरची ट्रंक पहिल्या बसवरच राहिली. हे कळलं तेव्हा दुसरी बस वीस मैल पुढे आली होती. वाहक म्हणाला, डेपोत चौकशी करा. कोट गेला, विजारी गेल्या, मोजे गेले. पुरावा तेवढा शिल्लक राहिला. धक्क्यावर पोचली तर लाँच सुटलेली. पुढची गुरुवारी. गुरुवारी तांबडा बावटा लागला, समुद्र खवळलाय, लाँच रद्द. तिकीटखिडकीतला कारकून सांगून मोकळा झाला आणि डबा उघडून जेवायला बसला.

धक्क्यावर एक गलबत उभं होतं. दिव्याच्या बेटावर गोड्या पाण्याची आणि तेलाची पिंपं नेणारं. ते हाकणारा तांडेल शिडाकडे बघत शिव्या घालत होता. शीड वरपासून खालपर्यंत फाटलेलं. लाँच थांबते, पण पाण्यावाचून माणसं थांबत नाहीत, त्याला जाणं भाग होतं. दाभणबाईने चामड्याचा पट्टा चढवला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, मेण आहे का. शुक्रवारी दुपारपर्यंत ती धक्क्याच्या दगडावर मांडी घालून शिवत होती. काम झाल्यावर तांडेलाने शिवण ताणून बघितली, खालचा ओठ पुढे काढला आणि विचारलं, ताई, मजुरी काय द्यायची. ती म्हणाली, मला पलीकडे सोडा, दिव्यावर मधल्या खोलीत राहतात त्यांची बायको मी.

तांडेलाचा चेहरा बदलला. “म्हणजे तुम्हाला…” एवढं बोलून तो थांबला, आणि खलाशाला उगाच दोरावरून ओरडला.

बस्स. तिला हवं ते मिळालं. म्हणजे आख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे. कुणाचं घर, कोण बाई, सगळं. फक्त आपल्यालाच ठाऊक नाही.

बाहेरचा समुद्र म्हणजे माणसाची परीक्षा नव्हे, शिक्षाच. गलबत लाटेवर चढे तेव्हा पुढे नुसतं आभाळ दिसे. उतरे तेव्हा पोटातलं सगळं गळ्याशी. पिंपं दोरखंडाला हिसके देत होती. तिला दोन पिंपांच्या मधे बसवून कमरेला दोर बांधला होता. पहिल्या तासात ती पाच वेळा ओकली, मग ओकायलाही काही उरलं नाही. पाणी डोक्यावरून जात होतं. खलाशी मस्करीत म्हणाला, ताई, शिवण उसवली तर सगळेच तळाला. ती म्हणाली, माझी शिवण राहील, तुमचं कापड कुजकं आहे. आणि झालंही तसंच. एका झोताबरोबर शीड तिच्या शिवणीच्या वीतभर बाजूला फाटलं, आणि तिची शिवण तशीच्या तशी, फाटक्या कापडात ताठ. तांडेलाने अर्धं शीड उतरवलं आणि उरलेल्या अर्ध्यावर रेटलं.

भीती वाटत होतीच. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीशी घट्ट धरलेल्या पिशवीत होतं. ती मनात त्या बाईला घडवत होती. वय, नाक, डावा हात. काय बोलायचं तेही ठरलं होतं. दोनच वाक्यं, पण अशी, की त्या बाईने जन्मात सुई हातात धरू नये. आणि नवऱ्याला काही बोलायचंच नाही, नुसतं सामान बांध म्हणायचं. त्याला घेऊन जायचं. तेवढ्यासाठी तर बुडायची तयारी.

दुपार कलताना बेट आलं. उतरताना तांडेल हलक्या आवाजात म्हणाला, ताई, भरती असेपर्यंतच थांबतो, दोन तास. आणि त्याला फार बोलू नका.

वर चढून गेली. दिव्याखाली तीन खोल्या ओळीने. मधल्या खोलीचं दार उघडं. ती दाराशी उभी राहिली, अंगावरून पाणी निथळतंय. आत बाई नव्हती. बाईची कसलीच खूण नव्हती. नवरा जमिनीवर बसला होता, विजार गुडघ्याखाली दाबून धरलेली, आणि डाव्या हातात सुई.

उजवा हात त्याने पाठीमागे नेला. मग बहुधा उपयोग नाही हे कळून पुढे आणला. अंगठा होता, करंगळी होती, मधली तीन बोटं नव्हती.

पिंपं वर ओढायच्या रहाटात सापडली, त्याने सांगितलं. सात महिने झाले. साहेब चांगला निघाला, वहीत नोंदी करायच्या कामावर ठेवलं. डाव्या हाताने लिहितो, शिकलो. चिठ्ठी का नाही पाठवली म्हणशील, तर अक्षर बघून तुला कळलं असतं. खलाशांना शपथ घातली होती.

ती ओल्याच कपड्यांनी खाटेच्या कडेवर टेकली. तयार करून आणलेली दोन्ही वाक्यं तोंडात तशीच, आणि ज्या बाईला ती द्यायची ती बाईच नव्हती. कुणी बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं. बाईशी भांडता येतं.

“घरी का नाही आलात?” तिने विचारलं.

तो विजारीची घडी नीट करत बसला. मग साधेपणाने म्हणाला, “शिवून परत पाठवता आलं असतं तर आलो असतो गं. डॉक्टर म्हणाले, हे शिवता येत नाही.”

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग दुकान आठवलं, तोंडातला दोरा आठवला, पडद्यामागचं हसू आठवलं. एकदाही त्याने तो विषय काढला नव्हता.

ती म्हणाली, मी गंमत केली होती. तो म्हणाला, ठाऊक आहे, गंमत चांगलीच होती. ती म्हणाली, चला, गलबत थांबलंय. तो म्हणाला, इथे मला कुणी काही म्हणत नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला कुठूनतरी धरता आला असता.

तिने पिशवीतून निळा सदरा काढला. काहीतरी करायला हवं म्हणून म्हणाली, याचं बटण लोंबतंय, द्या इकडे सुई, ओवून देते. एका हाताने दोरा कसा ओवणार तुम्ही.

त्याने सदरा तिच्या हातातून घेतला. खिडकीतली साबणाची वडी पुढे ओढली, तिच्यात सुई उभी रोवली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून डाव्या हाताने पहिल्याच फटक्यात नेढ्यातून काढलं. मग गुडघ्याने कापड दाबून बटण लावू लागला. ती बघत राहिली. समुद्र ओलांडून आलेल्या बाईला सुईत दोरा ओवण्याएवढंही काम तिथे नव्हतं.

ती गप्प बसायचा खूप प्रयत्न करत होती. पण तीस वर्षांची सवय.

“टाका लांब पडतोय,” ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. त्याने वर बघितलं आणि हसला, अगदी पडद्यामागे हसला असेल तसा. मग दोरा दातांनी तोडला, सदरा खुंटीला लावला आणि म्हणाला, भरती उतरेल, तुला निघायला हवं.

परतीला समुद्र शांत होता.

पिशवी अजूनही दर महिन्याला येते. कपडे धुतलेले, शिवलेले, लाल गाठ एकही नाही. ती ते काढते, इस्त्री करते, परत भरते आणि सकाळच्या बसला लावते. बसवाला म्हणतो, बघा, याला म्हणतात संसार. तिसऱ्या महिन्यात तिने एक विजार उजेडात धरली. टाका तसाच उलट्या अंगाचा, पण बारीक, एकसारखा, दोरा ना ढिला ना ताणलेला. तिने नख लावून बघितलं. नाव ठेवायला कुठेच जागा नव्हती.