आधी फॉन्ट, मग चहा

दाते काका आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "कॉम्प्युटर चालू आहे ना?" खिशातून फ्लॉपी निघायची. चहाचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "आधी फॉन्ट, मग चहा." आमची सई दारातूनच ओरडायची, "मम्मी, फ्लॉपी अंकल इज हिअर!"

आम्ही तेव्हा आखातात, ऊद मेथाला राहायचो. काका एका कंपनीत ड्राफ्ट्समन, घरी एकटेच. मालतीकाकू नुकत्याच गेल्या होत्या. काकूंनी इथल्या मुलांसाठी दापोलीकडच्या गोष्टी लिहिल्या होत्या. काकांनी स्वतः कोड शिकून त्या वेबसाइटवर चढवल्या. पण ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, त्याला काय दिसायचं? डॉलरची चिन्हं, टिंबं, वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं! म्हणून हा माणूस दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरोघर फॉन्ट टाकत फिरायचा. फॉन्ट बसला की तपासायला एकच ओळ टाइप करायचा: 'मालती, स्वयंपाक झाला का?' पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी मुकाट्याने पोहे करायला घेतले.

"असेच येत जा की हो," मी म्हणायचे.

"छे! बिनकामाचं कुणाच्या दारात उभं राहू नये." भारी भिडस्त माणूस!

मग युनिकोड आलं. काका हरखून गेले. "अगं, अक्षराला स्वतःचा व्हिसा मिळाला! आता स्पॉन्सर नको, फ्लॉपी नको. कुठेही उघडा, मराठी ती मराठीच." पण जुनं लिखाण आपोआप बदलेना, जोडाक्षरं फुटायची. काका काकूंची एकेक गोष्ट पुन्हा टाइप करत बसले.

"अहो, डोळे जातील तुमचे."

"जाऊ देत. मी गेल्यावर तिच्यासाठी घरोघर कोण फिरणार?"

शेवटची गोष्ट चढली त्या शुक्रवारी ते आमच्याकडे आले. नव्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, काही न करता सगळं लख्ख दिसलं. सईने अडखळत दोन ओळी वाचल्या. काकांचे डोळे भरून आले. फ्लॉपी खिशातच राहिली. "खलास. आता माझं काम नाही."

"काम कशाला लागतं? चहाला या ना!"

"येईन, इन्शाल्ला."

कसले येतायत! फोन केला की विचारायचे, "काही अडलंय का?" नाही म्हटलं की, "मग ठीक." जळो मेलं ते युनिकोड, असं व्हायचं मला. शेवटी एकदा चक्क खोटं बोलले, "काका, अक्षरं दिसत नाहीत हो!" अर्ध्या तासात हजर. स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा प्यायले. दोन कप.

पुढे नोकरी संपली, व्हिसा संपला, काका दापोलीला गेले.

परवा त्यांच्या पुतण्याची ईमेल आली. मराठीत. काका गेले. कुठे टिंब नाही, डॉलर नाही, प्रत्येक काना-मात्रा जागच्या जागी. पहिली ओळ वाचली आणि पुढचं सगळं धूसर झालं.

"काका, अक्षरं दिसत नाहीत हो," मी म्हटलं. या वेळी खोटं नव्हतं.