पटाच्या बैलाची परीक्षा

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर हे त्याच्यावरही संशय घेतील. दूधवाला उशिरा आला की त्यांना पाण्याची शंका येते. वेळेवर आला की खात्रीच पटते. मुर्री गावातल्या घरी ते मोबाइलवर जगभरच्या धावण्याच्या शर्यती बघतात. लोक जिंकणाऱ्याचा वेळ बघतात, हे त्याच्या मानेच्या शिरा. "औषध घेतलं आहे यानं," एवढा निकाल देतात आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागतात.

हे शास्त्र ते शंकरपटात शिकले. बैलांच्या त्या शर्यतीत तरुणपणी त्यांची स्वतःची जोडी पळायची. दारू पाजलेला बैल ते हमखास ओळखत. "पट झाल्यावर पुढ्यात धानाचं तणीस टाकून पाहा जी. खरा बैल खाते, पाजलेला तोंड फिरवते." पुढे ते शाळेत खेळाचे मास्तर झाले, तरी परीक्षा तीच. धावून आलेल्या पोरांच्या डब्यात डोकावणारे मास्तर दुसरे कोणी नसतील.

अशा माणसाच्या हाताखाली दरेकसा गावची एक मुलगी तयार झाली. राज्यासाठी धावली, देशासाठी धावली, आणि थांबेचना. बरोबरीच्या मुली संसाराला लागल्या, ही आपली पळतेच आहे. प्रत्येक तपासणीत निर्दोष. गावाला कौतुक, मामाजींना शंका. "जावई, एवढे वर्सं बैल तरी पळते का?"

ती निवृत्त झाली आणि मुर्रीत सत्कार ठरला. कुजबूज होतीच. मंडळी म्हणाली, "मास्तर, पोरगी स्वच्छ आहे एवढं तुम्ही माइकवर सांगा. मंग कोणी बोलनार नाही." झालं! मामाजींचा चहा निवू लागला, पेपर उलटा धरला जाऊ लागला. एकदा मला घेऊन बाजारात निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. काय आणायचं होतं ते त्यांनाच आठवेना. "हो म्हटलं आन् खोटं निघालं तर? नाही म्हटलं आन् ते खरी असली तर? पोरीच्या साऱ्या जल्माची माती होईल ना जी!"

सत्काराच्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला आली. मामीजींनी भात, लाखोरीचं वरण वाढलं. मामाजी समोर आपलं ताट घेऊन बसले होते आणि तिचा घास न् घास बघत होते. तिच्या लक्षात आलं.

"सर, मी काय पटाचा बैल आहो? सरळ विचारा ना जी."

मामाजींनी विचारलं, "काही घेतलं होतंस का, बाई?"

"नाही." मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "इतके वर्सं सारे नमुने घेऊन गेले. विचारलं तुमीच."

संध्याकाळी मामाजी माइकपुढे उभे राहिले. "पोटात काय होतं ते मले नाही मालूम. ते नाही म्हणून राहिली, आन् मी मानून राहिलो. बस." टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना कळेना. ती मात्र उठली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडली.

मामाजी बाकी तसेच आहेत. फक्त तिची जुनी शर्यत मोबाइलवर आली की मान बघत नाहीत, पाय बघतात. मग उठतात, येरझाऱ्या घालतात आणि अचानक थांबून मला विचारतात, "जावई, जेवली होती ना ते त्या दिवशी, पोटभर?"

"जेवली होती मामाजी. भात मागून घेतला तिनं."

खोटं नाही ते. ताटातला भात तसाच राहिला होता तो मामाजींच्या.